उसना पंखा

अंधेरीहून दहिसरला परत येताना, मे महिन्यातल्या भर दुपारी मी गाडीचा हीटर लावला. शेजारची सीट मागे करून बाबा डोळे मिटून पडले होते. गरम झोत तोंडावर आला तसे ते दचकून जागे झाले आणि मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागले.

"हीटर कित्याक लावलंस गो?"

"इंजिन तापलंय बाबा. हीटर लावला की त्याची गरमी थोडी आत येते, इंजिन वाचतं."

"आणि माणूस?"

बाबांची किडनी निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असतं. घराजवळच्या सेंटरला जागा मिळाली नाही, म्हणून अंधेरीला जायचं. डायलिसिस संपलं की त्यांचं ब्लडप्रेशर खाली येतं, हातपाय गार पडतात, कधी उलटी होते. अशा माणसाला चाळीस डिग्रीत हीटरसमोर बसवलं होतं मी. पुढं गाड्यांची रांग हलत नव्हती, मेट्रोच्या कामासाठी अर्धा रस्ता पत्रे लावून अडवला होता, आणि समोरच्या डायलवरचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकत आला होता.

बाबांचं कपाळ पुसायला हात नेला तर घाम गार लागला. मी हीटर बंद केला, इंजिन बंद केलं, हॅझर्ड लाइट लावले आणि मागच्या हॉर्नांकडे लक्ष न देता खाली उतरले. दोन माणसांनी ढकलून गाडी कडेच्या पेट्रोल पंपात घेतली. तिथल्या ऑफिसात पंख्याखाली एक बाकडं होतं. बाबांना त्यावर आडवं केलं, पाय वर उचलून धरले. पंपावरच्या एका बाईनं पाण्याची बाटली आणली, पण डायलिसिसच्या पेशंटला पाणीही मोजून द्यायचं असतं. मी बाटलीच्या झाकणातून दोन घोट दिले आणि उरलेलं पाणी रुमालावर ओतून त्यांच्या मानेवर ठेवलं.

बऱ्याच वेळानं ते बोलले, "काटो खंयसर इलो?"

काटा कुठवर आला, एवढंच विचारलं, पण त्यांच्या तोंडून शब्द आला तेव्हा मला रडू फुटलं.

"रडतंस कित्याक? मी बरो आसंय. गाडीचा बघ."

गाडी आम्ही घेतली होती ती यासाठीच. कॅबवाले अंधेरी म्हटल्यावर हो म्हणायचे, आणि खाली येऊन काठी टेकत चालणारा फिकट म्हातारा बघितला की काही ना काही कारण काढून निघून जायचे. रिक्षात धक्के बसतात. बाबांच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे. त्या हाताला मार लागला तर सगळंच बंद. म्हणून मी साठवलेल्या पैशातून जुनी सेडान घेतली. मागे जागा भरपूर, पुढची सीट पूर्ण आडवी होते, किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी. कमी का होती ते घेतल्यावर कळलं. कंपनीनं ते मॉडेल बंद करून टाकलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी कशीबशी, थांबत थांबत गाडी दहिसरला आणली. आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं आणि तो हाताची घडी घालून वाट बघत उभा राहिला.

"पंखा फिरत नाही, ताई. रेडिएटरचा पंखा. गाडी पळत असली की वारा लागतो, तेव्हा चालून जातं. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की वाट लागली."

"मग नवा बसवा."

"मिळाला तर बसवतो."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं फोनवर थंडपणे सांगितलं की पार्ट स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही, आणि पैसे आधी भरावे लागतील. जो आकडा सांगितला तो ऐकून मी पुन्हा विचारलं, पंख्याचाच ना, इंजिनचा नाही ना?

गॅरेजवाल्यानं तेव्हा मला पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. ही गाडी दोन कंपन्यांनी मिळून काढली होती. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून. अर्ध्या गाड्यांवर एका कंपनीचा लोगो लागला, अर्ध्यांवर दुसरीचा. पुढची जाळी वेगळी, बंपर थोडा वेगळा, सीटचं कापड वेगळं. बाकी सगळं तेच. आमची कंपनी हे मॉडेल विसरली असली तरी दुसऱ्या कंपनीचे पार्ट बाजारात मिळत होते, आणि तेही निम्म्या भावात.

"बहीण आहे तुमच्या गाडीची," तो म्हणाला. "लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली."

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसला दांडी मारून कुर्ल्याला गेले. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. दरवाजे, आरसे, हेडलाइट, सगळं दोऱ्यांना टांगलेलं. तिसऱ्या दुकानात बहिणीचा पंखा मिळाला. दुकानदार म्हणाला, "बैठ जाएगा मॅडम, आँख बंद करके ले जाओ." मला डोळे बंद करायचे नव्हते. मी मोबाइलवर आमच्या पंख्याचा फोटो काढून नेला होता, तो धरून पाती मोजली, बोल्ट बसायची भोकं ताडून बघितली. सगळं जुळलं. मग टॅक्सीत तो पंखा मांडीवर घेऊन मी घरी आले.

गाडीत तो बसलाही. फक्त त्याच्या वायरीच्या टोकाला असलेला प्लग आमच्या गाडीच्या प्लगात जाईना. आमच्यात दोन पिना, त्याच्यात चार. गॅरेजवाला डोकं खाजवत म्हणाला, "डिझेलवाला दिला त्यानं. बहीण बरोबर आहे, पण ही डिझेल बहीण. तुमची पेट्रोल."

"मग?"

"वायर कापून जोडून देतो ना. चालेल."

"गरम होऊन आग लागली तर?"

तो वायरीकडे बघत म्हणाला, "लागायला नको."

लागायला नको, हे उत्तर घेऊन मी बाबांना हायवेवर नेणार नव्हते. पंखा परत काढायला लावला. दुकानदारानं बदल्यात तेवढ्याच किमतीचं दुसरं काहीतरी घ्या म्हणून सांगितलं, पण पेट्रोलचा पंखा त्याच्याकडे नव्हता, आसपास कुणाकडेही नव्हता. मी वायपर, ब्रेक पॅड आणि दाराचं एक हँडल घेऊन आले. पेट्रोल-डिझेल दोन्हीला चालतात का, हे या वेळी तीनदा विचारलं. ते सगळं नीट बसलं. गाडीचं दार कितीतरी महिन्यांनी बाहेरून उघडायला लागलं. उभ्या गाडीला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

मग मी बहिणीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. पेट्रोलचा पंखा होता, चेन्नईच्या गोदामात. आठ-दहा दिवसांत येईल म्हणाली. मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

"चासी नंबर सांगा."

मी आरसीबुकात बघून गाडीचा तो नंबर सांगितला.

"मॅम, ही आमची गाडी नाही."

"माहितीये. पण पार्ट तोच आहे. नंबरही तोच आहे, बघा ना."

"असेल. पण आमच्या गाडीचा चासी नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम ऑर्डरच घेत नाही. मी काय करू?"

ती खरंच काही करू शकत नव्हती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. त्या आठवड्यात बाबांना रिक्षानं नेलं होतं. जाताना मी त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसायचे, प्रत्येक खड्ड्याला दोघं मिळून उडायचो. परतताना एकदा त्यांना रिक्षातच उलटी झाली. बाबा घरी येईपर्यंत रिक्षावाल्याला सॉरी म्हणत राहिले. आयुष्यात कुणाला सॉरी न म्हणणारा माणूस. रात्री जेवताना म्हणाले, "एक दिवस नाय गेलो तर काय होता?" त्यांनी ते सहज विचारल्यासारखं विचारलं.

आमच्या सोसायटीत, मागच्या भिंतीला लागून, एक गाडी बरेच दिवस कव्हरखाली उभी होती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तरी मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. एका सकाळी दूध घेऊन येताना वाऱ्यानं कव्हरचा कोपरा उडालेला दिसला आणि खाली मागचा दिवा दिसला. आमचाच दिवा. तोच लांबट आकार, तोच कोपऱ्यातला लाल तुकडा. मी वाकून कव्हर अजून थोडं वर केलं. लोगो दुसऱ्या कंपनीचा होता, आणि टाकीच्या झाकणावर लिहिलं होतं, पेट्रोल.

ती गाडी बी विंगमधल्या काकांची. काका वर्षभरापूर्वी गेले. काकू एकट्याच राहतात. आमची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती. गेलेल्या माणसाच्या गाडीतला भाग मागायला कुठल्या तोंडानं जायचं, या विचारात दोन दिवस गेले. मी मनात वाक्यं जुळवायचे. काकू, एक विचारायचं होतं. काकू, रागावू नका. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर त्यांचा बंद होणारा दरवाजा यायचा. तिसऱ्या दिवशी बाबांना रिक्षात बसवताना त्यांचा तोल गेला आणि डावा हात दांड्यावर आपटता आपटता राहिला. संध्याकाळी मी काकूंची बेल वाजवली.

त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं, अगदी कुर्ल्याच्या चार पिनांसकट. मला वाटत होतं मी फार बोलतेय, पण थांबता येईना.

"म्हणजे तुला ह्यांच्या गाडीतला पंखा हवाय," काकू म्हणाल्या.

"हो. म्हणजे, विकत. तुम्ही म्हणाल त्या किमतीला."

"नाही द्यायचा."

मी कप खाली ठेवला.

"ऐकून घे गं. माझा मुलगा गाडी भंगारात द्या म्हणून मागे लागलाय. मी त्याला सांगते, चालू गाडी आहे, भंगारात का देऊ? दर पंधरा दिवसांनी वॉचमनला सांगून सुरू करून घेते. ती मोडलेली झाली की माझ्याकडे बोलायला काही उरत नाही. कळतंय?"

"कळतंय, काकू. माफ करा, मी उगाच..."

"बस. उठू नकोस." त्यांनी माझ्या कपात अजून चहा ओतला. "तुझ्या त्या काउंटरवालीला कुठला नंबर हवाय?"

"चासी नंबर. तुमच्या गाडीचा चालेल."

"मग माझ्या गाडीच्या नावानं नवा पंखा मागव. तो येईपर्यंत माझा वापर. आला की नवा माझ्या गाडीत बसवायचा. उसना देतेय, विकत नाही. चालेल?"

मला इतकं सोपं काही सुचलंच नव्हतं. मी मान हलवली. काकूंनी आरसीचा फोटो काढू दिला, आणि लगेच म्हणाल्या, "आणि हा फोटो पुढं कुणाला पाठवू नकोस हं, आजकाल काय काय होतं." मी ऑर्डर दिल्यावर तो त्यांच्यासमोर डिलीट केला.

गॅरेजवाला आमच्या आवारात येऊन पंखा काढून घेऊन गेला. आमच्या गाडीत तो खटकन बसला, प्लगही. इंजिन तापलं, पंखा घरघरत सुरू झाला, काटा अर्ध्यावर येऊन थांबला. "झकास," गॅरेजवाला म्हणाला. मला मात्र हायसं वाटण्याऐवजी नवीनच धास्ती बसली. आता माझ्या गाडीत काकूंची वस्तू होती. रस्त्यात कुणी समोरून ठोकलं तर? हाच पंखा जळला तर? अंधेरीला जाताना मी पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचे की दोन रिक्षा मध्ये घुसायच्या. सिग्नलला खिडकी खाली करून कान लावायचे. घरघर ऐकू आली की बरं वाटायचं, थांबली की काट्याकडे बघत बसायचे. पंखा गरज नसताना आपोआप बंद होतो, हे मला पक्कं माहीत होतं, तरीही. बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "पंखो फिरता गो. तू श्वास घे."

आठ-दहा दिवस होऊन गेले. काउंटरवरची मुलगी रोज म्हणायची, ट्रान्झिटमध्ये आहे. आणि नेमका त्या रविवारी काकूंचा मुलगा न सांगता आला, सोबत गाड्या विकत घेणारा एक एजंट घेऊन.

मी वरून गॅलरीतून बघितलं. कव्हर जमिनीवर पडलं होतं, बॉनेट उघडं होतं, आणि मुलगा वॉचमनवर ओरडत होता. "पंखा कुठाय? कोणी काढला? तुझी ड्यूटी असते ना इथं?" मी चपला न शोधता तशीच जिना उतरले.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. धावल्यानं आवाज फाटला होता. "म्हणजे काकूंनी दिलाय. उसना."

"उसना?" तो माझ्यापेक्षा वयानं लहान असेल. "गाडीचा पार्ट उसना? एकट्या बाईला बघून काहीही उकळता काय तुम्ही लोक?"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं आली. मी चेन्नई, चासी नंबर, ऑर्डर असं काहीतरी सांगत होते आणि मलाच ते खोटं वाटत होतं. एजंट मजेत ऐकत होता. तेवढ्यात काकू आल्या. गाऊनवर ओढणी, हातात मोबाइल.

"तिला कशाला बोलतोस? मी दिलाय."

"आई, तुला कळतंय का, न चालणाऱ्या गाडीला हा माणूस भंगाराचा भाव देणार."

"मी विकायला बोलावलंय का त्याला?"

"उभी ठेवून काय करणार आहेस?"

"ते मी ठरवीन. तिच्या वडिलांना त्या पंख्यावर डायलिसिसला नेतात. तुझ्या बाबांना शेवटी कॅब मिळाली नव्हती, आठवतंय? तू फोनवर होतास. मी खाली रस्त्यावर उभी होते."

मला हे काहीच माहीत नव्हतं. काकूंनी चहा करताना यातलं अक्षरही काढलं नव्हतं. एजंट म्हणाला, मी नंतर येतो, आणि आपली बाइक काढून गेला. मुलानं खाली वाकून कव्हर उचललं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरलं. आम्ही दोघांनी ते गाडीवर घातलं. "सॉरी," तो कव्हरकडे बघतच म्हणाला. मीही सॉरी म्हणाले.

नवा पंखा बुधवारी आला. खोक्यावर बहिणीच्या कंपनीचं नाव होतं, आणि आत प्लास्टिकवर कोरलेला नंबर आमच्या जळालेल्या पंख्यावरचाच. मी दोन्ही शेजारी ठेवून अंकन् अंक वाचला, मग पिना मोजल्या. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, आता तरी विश्वास ठेवा." तो काकूंच्या गाडीत बसला, वॉचमननं चावी फिरवली, इंजिन गरम होईपर्यंत काकू आणि मी उन्हात उभ्या राहिलो, आणि पंखा सुरू झाला तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. एकच, पटकन, आणि लगेच हात खाली घेतले.

त्यानंतर बहिणीचे पुष्कळ भाग आमच्या गाडीत आले. आरसा, क्लचची वायर, पाण्याचा पंप. प्रत्येक वेळी काकूंचा नंबर वापरून मागवले, प्रत्येक वेळी आधी त्यांना विचारून. पैसे वाचले ते खरेच; त्यातून बाबांची महिन्याची इंजेक्शनं निघतात. धास्ती मात्र गेली नाही. अजूनही काटा अर्ध्याच्या वर केसभर सरकला की मी गाडी कडेला घ्यायला जागा शोधायला लागते.

पावसाळा सरल्यावर काकूंनी स्वतःहून गाडी विकायला काढली. भंगारात नाही. मुलुंडच्या एका जोडप्याला, चालू गाडी म्हणून, बऱ्या किमतीला. ते दोघं गेटबाहेर थांबले होते. आवार अरुंद, त्यात कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली. काकू माझ्याकडे आल्या.

"तू काढून देशील गेटपर्यंत? तुला हिची सवय आहे."

मी बसले. स्टीअरिंगवर लोगो वेगळा होता, बाकी हात न शोधता सगळीकडे पोचले. काकू शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला. तेवढ्याशा अंतरासाठीही. गाडी मी अगदी सावकाश काढली. भिंत, स्कूटर, पाण्याची टाकी, मग गेट.

"थांब," काकू म्हणाल्या. "मी इथंच उतरते."

त्या उतरल्या, दार हळूच लावलं आणि मागं न बघता बी विंगकडे चालत गेल्या. मी त्या जोडप्याच्या हातात चावी दिली. बाईनं विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का गाडीत?"

"नाही," मी म्हणाले. "फक्त पार्ट घेताना पेट्रोलचा आहे ना, ते विचारून घ्या."

वरून गॅलरीतून बाबांची हाक आली. अंधेरीला निघायची वेळ झाली होती.